हो म्हणणारा ड्रायव्हर

“हँडल सोडू नका! एकसारखं फिरवा. हळू, घाई नको,” सिस्टर फिलोमिना माझ्यावर ओरडल्या आणि स्वतः नळीवर वाकल्या.

मी फिरवत राहिले. माझ्या हाताखाली मशिनचा पंप गोल फिरत होता आणि पारदर्शक नळीतून खैरनार काकांचं रक्त थोडं थोडं करून त्यांच्या दंडाकडे परत सरकत होतं. स्क्रीनवर लाल पट्टी आली होती आणि भोंगा किंचाळत होता. डायलिसिस चालू असताना मशिन थांबलं, की शरीराबाहेर असलेलं रक्त नळ्यांमध्ये गोठायला लागतं. त्याच्या आत ते हाताने परत फिरवावं लागतं. आमच्या माहितीपुस्तकातलं ते पान मी स्वतः वाचलं होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर पलंगावर माणूस डोळे मिटून पडलेला असताना ते हँडल फिरवणं वेगळं.

नळी रिकामी होत आली तसं काकांनी डोळे उघडले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते ते. आठवड्यातून तीनदा यायचे आणि वॉर्डातल्या प्रत्येकाची चौकशी करायचे.

“हे मशिन तुम्हीच बनवलं ना?” त्यांनी मला विचारलं.

“त्यातला एक भाग.”

“कुठला?”

“आत्ता ज्याने थांबवलं तो.”

सिस्टर फिलोमिनांनी झटकन वर पाहिलं. “म्हणजे हे तुमच्यामुळे होतंय?”

मी म्हटलं, “शोधते.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नाशिकला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत होते. आम्ही छोट्या गावांतल्या दवाखान्यांना परवडेल असं डायलिसिसचं मशिन बनवत होतो. पहिली दोन मशिन्स चाचणीसाठी एका तालुक्याच्या गावी, डॉक्टर सुषमा अहिरराव यांच्या दवाखान्यात लावली होती. त्यांनी होकार दिला की त्यांच्या ट्रस्टच्या सगळ्या दवाखान्यांत आमची मशिन्स जाणार होती. माझ्याकडे एअर डिटेक्टरचा ड्रायव्हर होता. रक्ताच्या नळीत हवेचा बुडबुडा आला तर तो ओळखणारं एक कार्ड मशिनमध्ये असतं. ते कार्ड आणि मशिनची कार्यप्रणाली यांच्यामध्ये बोलणं घडवून आणणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. बुडबुडा दिसला की पंप थांबायचा आणि क्लॅम्प मिटून नळी बंद व्हायची. तो बुडबुडा तसाच पुढे माणसाच्या अंगात गेला तर काय होतं, हे सांगायची गरज नाही.

त्या दिवशी काकांना सिस्टरनी जुन्या मशिनवर घेतलं आणि मी आमच्या मशिनमधली नोंद उघडली. शेवटची ओळ अशी होती, की इंटरप्टची एक लाइन कार्यप्रणालीने बंद केली आहे, कारण तिची दखल कोणीच घेतली नाही.

“मराठीत सांगा,” सिस्टर मागे उभ्या होत्या.

“मशिनच्या मेंदूला बोलावण्यासाठी घंटा असतात,” मी म्हटलं. “पण घंटा थोड्या आणि कार्डं जास्त. म्हणून दोन कार्डांमध्ये एक घंटा आहे. एक माझं, बुडबुडा बघणारं. दुसरं, डॉक्टरांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला आकडे पाठवणारं. घंटा वाजली की मेंदू दोघांच्याही ड्रायव्हरला विचारतो, तू वाजवलीस का? ज्याने वाजवली असेल त्याने हो म्हणायचं आणि ती थांबवायची. दुसऱ्याने नाही म्हणायचं.”

“मग?”

“इथे घंटा वाजतच राहिली आणि दोघंही नाही म्हणाले. कंटाळून मेंदूने ती घंटाच तोडून टाकली. आता बुडबुडा आला तरी मला कळवायला घंटा नाही. हे माझ्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं, म्हणून त्याने मशिन थांबवलं.”

“दोघांपैकी एक खोटं बोलतोय,” सिस्टर म्हणाल्या.

“नाहीतर एकाला कळतच नाहीये, की आपणच वाजवतोय.”

*

सोमवारी डहाणूकर सरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. पराग डहाणूकर आमचे विभागप्रमुख. हुशार माणूस. अडल्या वेळी रजा देणारा, टीमला स्वतःच्या घरी जेवायला बोलावणारा. फळ्यावर त्यांनी ट्रस्टच्या डॉक्टरांसमोर व्हायच्या प्रात्यक्षिकाची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती. माझ्या बाजूला केदार पाठारे बसला होता, स्क्रीनवरचा भाग लिहिणारा. आणि त्याच्या पलीकडे फिरोझभाई मुलाणी, हार्डवेअरचे इंजिनिअर, आमच्यात सगळ्यांत जुने.

“मशिन तीनदा थांबलंय,” डहाणूकर सर म्हणाले. “तिन्ही वेळा थांबवणारा प्रोग्रॅम हेमांगीचा.”

“थांबवणारा माझा, सर. घंटा वाजवणारा माझा नाही.”

“दुसऱ्या कार्डाच्या कंपनीशी मी बोललोय. त्यांचं कार्ड जगभर चालतं. त्यांच्याकडे एक तक्रार नाही.”

“त्यांचं कार्ड इतरत्र कोणाबरोबर घंटा वाटून घेत नसेल.”

सरांनी हात वर केला. “हे बघ, वाद नको. उपाय सोपा आहे. तुझा ड्रायव्हर घंटा वाजली की बघतो, आपली आहे का. नसली तर नाही म्हणतो. त्याला प्रत्येक वेळी हो म्हणायला शिकव. कोणीतरी दखल घेतली असं कार्यप्रणालीला वाटलं, की ती लाइन तोडणार नाही. लाइन तुटली नाही की मशिन थांबणार नाही. एका ओळीचा बदल आहे.”

एकाच ओळीचा होता, हे खरं. ‘नाही’ परत पाठवणारी ओळ काढायची आणि तिच्या जागी ‘हो’ लिहायचं.

“नाही, सर,” मी म्हटलं.

केबिनमध्ये कोणीतरी चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“नाही म्हणजे?”

“जी घंटा मी वाजवलेली नाही तिला मी हो म्हणणार नाही. हो म्हटल्याने ती थांबत नाही, फक्त तक्रार थांबते. घंटा आत वाजतच राहणार, मेंदू पुन्हा पुन्हा तेच विचारत बसणार आणि बाकीच्या कामांना त्याला वेळच उरणार नाही. त्या वेळी खरंच बुडबुडा आला तर?”

“आला तर तुझा ड्रायव्हर बघेलच की.”

“बघेल. पण क्लॅम्प मिटवणारा प्रोग्रॅम वेगळा आहे. त्याची पाळी यायला पाहिजे ना.”

“बुडबुडा आणि बिघाड एकाच वेळी यायची शक्यता किती?”

“मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?”

हे जरा चढ्या आवाजात झालं. सर मात्र शांतपणे म्हणाले, “हेमांगी, आपण कंपनीत काम करतो. इथे प्रत्येक गोष्ट तत्त्वावर नेता येत नाही.”

“मी तत्त्वाचं बोलतच नाहीये, सर. नळीचं बोलतेय.”

*

रविवारी कारखाना बंद होता. फिरोझभाईंनी सुरक्षारक्षकाकडून किल्ली घेतली आणि आम्ही दोघं दुपारी प्रयोगशाळेत आलो. मशिन उघडून त्यांनी ऑसिलोस्कोपची, म्हणजे तारेतले संकेत पडद्यावर रेघेत दाखवणाऱ्या यंत्राची टोकं त्या सामाईक लाइनला लावली. मी सलाईन भरलेल्या नळ्या पंपाला जोडल्या. मशिन चालू केलं. काहीच बिघडेना. पडद्यावर हिरवी रेघ सरळ, मधूनच एक टोक खाली येई आणि लगेच वर जाई. घंटा वाजली, दखल घेतली, थांबली. सगळं कसं शहाण्यासारखं.

“दवाखान्यात आणि इथे फरक काय?” मी म्हटलं.

फिरोझभाई डबा उघडून बसले होते. घास तोंडाशी नेता नेता ते थांबले. “तिथे दारातून ट्रॉली जाते.”

“म्हणजे?”

“चादरींची ट्रॉली. डॉक्टरांच्या केबिनला जाणारी वायर त्या दारातून जमिनीवरून गेलीये. मी गेल्या वेळी सिस्टरना म्हटलं होतं, वर बांधून घ्या म्हणून. मशिन थांबलं तेव्हा ट्रॉली नुकतीच गेली होती.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी उठून मशिनच्या मागची, आकडे पाठवणारी वायर उपटली.

हिरवी रेघ खाली बसली ती बसलीच. वर यायचं नाव घेईना. थोड्याच वेळात भोंगा वाजला आणि मशिन थांबलं.

फिरोझभाईंनी डबा बाजूला सारला आणि एकेका कार्डाची पिन तपासत गेले. “तुझं गप्प आहे,” ते म्हणाले. “रेघ हे दाबून धरतंय.” त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर दुसऱ्या कार्डावर टेकला होता.

मग तासाभरात सगळं उलगडलं. त्या कार्डाची नवी आवृत्ती आली होती. जुनं कार्ड आकडे आले-गेले तेव्हाच घंटा वाजवायचं. नवं कार्ड वायर सुटली तरी वाजवत होतं. पण त्याचा ड्रायव्हर जुनाच होता. त्याला हे नवं कारण ठाऊकच नव्हतं. घंटा वाजली की तो आपली जुनी कारणं तपासायचा, त्यात काही सापडायचं नाही, म्हणून प्रामाणिकपणे नाही म्हणायचा. सिस्टर फिलोमिनांना वाटलं होतं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. खोटं कोणीच बोलत नव्हतं. अजून तरी.

“उद्या सकाळी सरांना सांगू,” मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता, की मी फिरोझभाईंच्या डब्यातला उरलेला शिरा विचारल्याशिवाय खाल्ला.

*

डहाणूकर सरांनी सगळं ऐकून घेतलं. ऑसिलोस्कोपचे फोटो पाहिले. त्यांना कळलं. ते पटकन कळणाऱ्यांपैकी होते, आणि म्हणूनच मला पुढचं ऐकताना जास्त राग आला.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “पण हे आत्ता बाहेर येता कामा नये.”

“का?”

“ती कार्डवाली कंपनी आपल्यात भागीदार होतेय. बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत. प्रात्यक्षिकाच्या तोंडावर मी त्यांना तुमचा ड्रायव्हर चुकीचा आहे म्हणून सांगू? ते दुरुस्त करतील, पण त्यांच्या वेळाने. तोपर्यंत आपला बदल चालू दे. ट्रस्टचा होकार आला, की मी स्वतः त्यांच्या मागे लागतो.”

“तोपर्यंत मशिनवर माणसं असतील.”

“तोपर्यंत मशिन थांबणार नाही! त्या सिस्टर काय सांगतात? थांबू नये एवढंच ना? मग तेच देतोय आपण त्यांना.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आणि अजून एक. प्रात्यक्षिकाच्या वेळी डॉक्टर विचारतीलच, आधी का थांबत होतं. तू सांगायचंस, की तुझ्या ड्रायव्हरमध्ये चूक होती आणि ती दुरुस्त केली. तुझ्या तोंडून आलं तर त्यांना पटेल.”

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही. “माझ्या ड्रायव्हरमध्ये चूक नव्हती, हे तुम्ही आत्ताच म्हणालात.”

“टीमसाठी एवढं कोणीही करतं.”

“दुसऱ्याचा बिघाड माझा म्हणून सांगायचा?”

“शब्दांचा कीस काढू नकोस.”

“मी बदलही करणार नाही आणि सांगणारही नाही.”

“मग केदार बदल करेल,” सर म्हणाले. “तू मदतपुस्तिकेचं काम बघ.”

केदारने बदल केला. संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, काहीतरी बोलावं म्हणून. “हेमांगी, माझी अजून नोकरी पक्की व्हायची आहे,” तो म्हणाला. “मी नाही म्हणू शकत नाही.”

“तुझा ड्रायव्हरही आता म्हणू शकत नाही,” मी म्हटलं. तो गेल्यावर मला ते वाक्य जास्त लागट वाटलं. पण मी ते परत घेतलं नाही.

*

प्रात्यक्षिकाला सर मला नेणार नव्हते. पण डॉक्टर अहिररावांनी फोनवर सांगितलं, की ते बुडबुड्याचं काम करणाऱ्या बाईंना आणा, सिस्टरना त्यांना काही विचारायचंय. गाडीत सर पुढे बसले होते, मी आणि केदार मागे. अर्ध्या रस्त्यात त्यांनी मागे वळून न बघता विचारलं, “ठरलंय ना काय बोलायचं ते?”

“हो,” मी म्हटलं. ठरलं होतंच.

वॉर्डात ट्रस्टच्या दोन-तीन दवाखान्यांतले डॉक्टर आले होते. मशिनला माणूस जोडलेला नव्हता. नळ्यांमधून लाल रंग घातलेलं सलाईन फिरत होतं आणि एका बाटलीत येऊन पडत होतं. दारापाशी बाकावर खैरनार काका पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. प्रात्यक्षिक संपल्यावर त्यांचा नंबर होता.

सरांनी छान सांगितलं. ते बोलायचेच छान. मशिन सुरळीत चाललं होतं. शेवटी डॉक्टर अहिरराव म्हणाल्या, “हे मधूनच थांबायचं, त्याचं काय झालं?”

“त्याबद्दल हेमांगी खराडे सांगतील,” सर म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

मी पुढे झाले. “डॉक्टर, सांगण्यापेक्षा दाखवते. सिस्टर, एक मोठी सिरिंज द्याल? रिकामी.”

सिस्टर फिलोमिनांनी ट्रेमधून सिरिंज काढून दिली.

“हेमांगी,” सर हळू आवाजात म्हणाले.

“तुम्हीच नळीत हवा सोडा, सिस्टर. इथून, डिटेक्टरच्या अलीकडून.”

सिस्टरनी दट्ट्या दाबला. पांढरा बुडबुडा लाल नळीतून सरकत डिटेक्टरपाशी आला आणि क्लॅम्प खट्कन मिटला. भोंगा वाजला. डॉक्टरांनी माना डोलावल्या. सरांचा चेहरा सैल झाला. मी मशिन पुन्हा चालू केलं.

“हे झालं सगळं ठीक असतानाचं. आता ट्रॉली जाते तेव्हाचं बघा,” मी म्हटलं आणि मशिनमागची वायर उपटली.

“त्याची आवश्यकता नाही!” सर एकदम मोठ्याने म्हणाले. त्यांनी वायर परत लावायला हात पुढे केला. मी मशिन आणि ते यांच्यामध्ये उभी राहिले.

“सर, ही वायर रोज निघते इथे.”

“असू दे,” डॉक्टर अहिरराव म्हणाल्या. “बघू दे मला.”

मशिन थांबलं नाही. पंप फिरत होता. भोंगा गप्प होता. फक्त स्क्रीनवरचं घड्याळ अडखळायला लागलं होतं. पुढे जायचं, अडकायचं, एकदम उडी मारायचं.

“आता सोडा,” मी सिस्टरना म्हटलं.

त्यांनी पुन्हा दट्ट्या दाबला. बुडबुडा निघाला. डिटेक्टरपाशी आला. डिटेक्टरच्या पुढे गेला. नळीच्या वळणावर गेला, वळला आणि माणसाचा दंड जिथे असता त्या टोकातून बाटलीत पडून फुटला. त्यानंतर, आम्ही सगळे त्या बाटलीकडे बघत असताना, क्लॅम्प खट्कन मिटला.

बाकावरचे काकासुद्धा उठून उभे राहिले होते.

“आधी हे मशिन थांबायचं,” मी म्हटलं, “कारण दुसरं कार्ड बिघडलं की माझा ड्रायव्हर सांगायचा, हे माझं काम नाही, इथे काहीतरी बिनसलंय. आता त्याला सगळ्याला हो म्हणायला लावलंय. म्हणून ते थांबत नाही. माझ्या ड्रायव्हरमध्ये चूक नव्हती. आत्ता जी आहे ती घातलेली आहे.”

“हे एक टोकाचं उदाहरण आहे,” सर डॉक्टरांकडे वळले. “आमच्याकडे पूर्ण तपासणी झालेली आहे. केदार, सांग.”

केदार भिंतीला टेकून उभा होता. त्याने आधी सरांकडे पाहिलं, मग बाटलीकडे. “वायर काढून तपासलं नव्हतं,” तो म्हणाला.

सिस्टर फिलोमिनांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्या रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. “साहेब, मशिन थांबलं तर मी आहे. हँडल फिरवते, रक्त परत देते, पेशंटच्या घरच्यांच्या शिव्या खाते. हवा आत गेली तर मी काय करू? ती कुठल्या हँडलने परत काढू?”



“दोन्ही मशिन्स बाजूला घ्या,” डॉक्टर अहिरराव म्हणाल्या. “आज ती कोणालाही लावायची नाहीत. ते कार्ड नीट करून आणि यांचा मूळ ड्रायव्हर परत घालून आलात, की बघू.”

म्हणजे त्या दिवशी जुनं एकच मशिन सगळ्यांना पुरवायचं होतं. मी बाहेर पडताना खैरनार काकांनी मला अडवलं. “माझा नंबर आता संध्याकाळी,” ते म्हणाले. “तुमच्यामुळे.”

“हो, काका. माझ्यामुळे.”

त्यांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली आणि बाकावर नीट मागे सरकून बसले. “बसतो मग,” म्हणाले.

गाडीपाशी सर उभे होते. त्यांनी दार उघडून धरलं नाही आणि बंदही केलं नाही. मी स्टँडकडे चालत गेले आणि एसटीने नाशिकला आले.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. चेहरा झोप न झालेल्या माणसाचा होता. भागीदारी लांबणीवर पडली होती.

“राजीनामा दे,” ते म्हणाले. “चांगल्या शब्दांत सोडतो तुला. फक्त त्यात एवढं लिही, की बिघाड तुझ्या विभागातला होता. त्या लोकांची समजूत घालायला मला काहीतरी लागेल.”

“राजीनामा देणार नाही.”

“मग मला काढावं लागेल.”

“काढा. पण कारण तुमच्या हाताने लिहा. आणि खरं लिहा.”

“बाहेर कोणी घेणार नाही असल्या माणसाला. नाशिक लहान आहे, हेमांगी.”

“मग पुण्याला जाईन.”

“तुला काय मिळालं यातून?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं. ते खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होते असं मला आजही वाटतं.

“मला काही मिळायचं नव्हतं, सर. एक गोष्ट व्हायला नको होती. ती झाली नाही.”

त्यांनी कारण लिहिलं: वरिष्ठांच्या सूचनेचे पालन न करणे. मी ते वाचलं, खरं होतं, सही केली. फिरोझभाई फाटकापर्यंत आले. फाटकाशी म्हणाले, “सरांसमोर मी पण बोलायला पाहिजे होतं.” मी म्हटलं, “रेघ तुम्हीच दाखवलीत. बोलायला मी होतेच.” आणि रिक्षाला हात केला.

पुण्यात नोकरी मिळायला बरेच महिने गेले. प्रत्येक मुलाखतीत ते कारण वाचून दाखवलं जायचं आणि प्रत्येक वेळी मी वायर उपटण्यापासून सगळं सांगायचे. काही जण हसून पुढच्या उमेदवाराला बोलवायचे. शेवटी एका ठिकाणी समोरच्या बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “क्लॅम्प किती उशिरा मिटला?” तिथे मी राहिले.

पुढच्या वर्षी एका सकाळी केदारचा फोन आला. कार्डवाल्यांनी आपला ड्रायव्हर दुरुस्त केला होता. त्यांनाही शेवटी थोड्याच ओळी लागल्या. डॉक्टर अहिररावांनी वायर उपटून, ट्रॉली फिरवून, सिस्टरकडून हवा सोडून सगळं स्वतः तपासलं आणि मग होकार दिला. मशिन्स ट्रस्टच्या दवाखान्यांत लागली होती. तुझा ड्रायव्हर जसाच्या तसा परत घातलाय, तो म्हणाला, आणि मग घुटमळला.

“काय झालं?”

“फाइलच्या वरती तुझं नाव होतं. लिहिणारी म्हणून. सरांनी ते काढायला सांगितलं. तिथे माझं घालायचं म्हणतायत. मी काय करू?”

मी खिडकीशी उभी होते. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

“आणि मेंदू विचारायला येतो तेव्हा नाही म्हणणारी ओळ?” मी विचारलं.

“ती आहे.”

“नाव काढ. तुझं घाल,” मी म्हटलं. “पण आता ते तुझं आहे हे लक्षात ठेव. उद्या कोणीही येऊन ती ओळ बदलायला सांगितली, तर तिथे तू उभा राहायचंस.”



“राहीन,” केदार म्हणाला.